अमळनेरहून परत

चोपडा, ४ नोव्हेंबर २०२४

चि. मोतीलाल यास,
अ. उ. आ. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा कागद. लोखंडी पत्रे ठोकून भावानं कान घालवले पण हात शाबूत ठेवले, असं तुझी लताअक्का सगळ्यांना सांगते.

काल आम्ही धुळ्याला निघालो होतो. जीपमागे तू बांधलेला ट्रेलर, आत खाट आणि संडास. ऑपरेशननंतर लताला घडीघडी जावं लागतं. त्या लाजेपायी तीन वर्षं तिनं माहेर पाहिलं नाही. काल मात्र आईसाठी डिंकाचे लाडू घेऊन सकाळीच तयार होती.

अमळनेरच्या पेट्रोल पंपावर गटाराच्या चेंबरमध्ये संडासाची टाकी रिकामी करायची परवानगी घेतली, पाईप लावला. व्हॉल्व्हचा दांडा हलेना. पाय टेकवून ओढला, तर तुटून हातात आला. झटक्यानं पाईप निसटला, व्हॉल्व्हची आतली सरकपट्टी अर्धी उघडून अडकली आणि सगळा मैला फरशीवर. लोक नाकाला रुमाल लावून हसत होते. लतानं खिडकी लावून घेतली. आतून एवढंच म्हणाली, “घरी चला.”

नुसत्या जीपनं चल म्हटलं, तर ऐकत नाही. काय करू, कळव.
तुझा, लीलाधर

धुळे, ९ नोव्हेंबर

ती. दाजींस,
सा. न. वि. वि. पत्र मिळालं.

दिवाळीआधी सरावाच्या फेरीला वापरलेली टाकी कोरडी पडली आणि मैला पट्टीच्या खाचेत वाळून दगड झाला. आता ओढू नका. टाकीच्या पाईप लागतो त्या तोंडाला झाकण घट्ट लावा, कोमट पाण्यात साबण कालवून संडासातून ओता, रात्रभर मुरू द्या. मग पाणी काढून बोल्ट सोडा, व्हॉल्व्ह उतरवा आणि खाच लाकडाच्या काडीनं कोरा. लोखंड लावाल तर चरे पडून पट्टी कायमची गळेल. आतलं रबर फाटलंच असणार. ते आणि नवा दांडा इंदूरहून मागवलाय, कुरियरनं तुमच्याकडेच येईल.

मीच आलो असतो, पण आईला सोडून उंबऱ्याबाहेर पडवत नाही. डॉक्टर म्हणतात, जेमतेम महिना निघेल. दारात कोणीही आलं की अक्काच आली असं वाटून ती विचारते, “मनी लता उनी का?” मला ऐकू येत नाही, ओठांवरून कळतं. अक्काला हे सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.
माया आहे तशीच ठेवा.
आपला, मोतीलाल

चोपडा, १५ नोव्हेंबर

चि. मोतीलाल,
अ. उ. आ. लताला आईचं सांगितलं. मग हातमोजे तिनंच चढवले. मी नको म्हणत होतो, तर म्हणाली, “माझी घाण मीच काढते.” ट्रेलरखाली पोतं टाकून व्हॉल्व्ह उतरवला आणि दुपारभर कडुलिंबाच्या काडीनं खाच कोरत बसली. पट्टी आता हातानं सहज सरकते.

आज पुन्हा जीपचा विषय काढला. रस्त्यात बसायला लावू नका, म्हणाली. कुरियरवाल्याकडे रोज चक्कर मारतो. रबर बसलं की त्याच पावली निघतो. आईला तेवढं सांग.
तुझा, लीलाधर

चोपडा, २ डिसेंबर

चि. मोतीलाल,
अनेक आशीर्वाद. तिथे इतक्या माणसांत तुझ्याशी बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या बायकोचा फोन आला तेव्हा व्हॉल्व्ह अंगणात सुटा पडला होता. मी तशीच जीपमध्ये बसले. वाटेत पुन्हा पुन्हा थांबावं लागलं. कधी कपाशीच्या बांधाआड, कधी आडोसा नव्हताच. एसटी जवळून गेली, माणसं खिडकीतून बघत होती. मी मान वर केली नाही. लाज वाटायला सवडच नव्हती. तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात, पण दिवस मावळायच्या आत उरका म्हणून भाऊबंदांनी घाई केली, हे मला माहीत आहे. मी पोचले तेव्हा तुम्ही घाटावरून येऊन हातपाय धूत होतात.

रबर दुसऱ्या दिवशी आलं. परतल्यावर ह्यांनी बसवलं. आता दांडा दोन बोटांनी सरकतो, थेंब गळत नाही. हे मला दाखवायला बोलावतात. मी जाऊन बघते, चांगलं झालं म्हणते.

त्या पंपावरूनच जीपनं पुढं गेले असते तर आई भेटली असती. हे ह्यांनी काढलं नाही, तूही काढलं नाहीस. आई असती तर तिनंही काढलं नसतं. बोलणारं कोणी नाही, म्हणून मीच मला रोज बोलते.

वर्षश्राद्धाला ये म्हणतोस. बघू. माहेर म्हणून आता तुझं अक्षर तेवढं उरलंय. तेवढं धाडत जा.
तुझी अक्का,
लता