पपनस चाखणारीचं दुखणं

तोसा, ३ फेब्रुवारी

चि. मिचियो हिस अनेक आशीर्वाद.

माझ्या छातीतल्या कळीला अखेर नाव मिळालं बरं का. तपासणीत हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्यापासून तुझे भावोजी मनाचे खेळ म्हणत होते. नव्या डॉक्टर मोरिओकाबाईंनी हृदयापर्यंत घातलेल्या नळीतून एक औषध सोडलं आणि हुबेहूब तीच कळ आली. हृदयातल्या बारीक वाहिन्या आखडतात, म्हणाल्या. टेबलावर पडल्या पडल्या आनंदानं रडले मी.

त्यांच्या गोळ्यांनी कळ थांबली. पण आता बागेत उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. काल शिडीवरून पडता पडता वाचले. हे म्हणतात, गोळ्याच बंद कर. मलाही तेच पटतंय. पपनसं विक्रीला काढायचे दिवस, आडवी पडून कसं चालेल?

तुझी ताई,
सादाए

ओकायामा, ७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

गोळ्या बंद करशील तर खबरदार. भावोजींना म्हणावं, तुमची हुशारी झाडांपुरती ठेवा. इथे मला काळजीनं झोप नाही आणि तुला विक्री सुचते! उद्याच बाईंकडे जा. रिकाम्या हातानं जाऊ नकोस, पेटीभर पपनसं ने. आभार मानायचे राहिलेत.

पपनसांपेक्षा माझ्यावर थोडा जास्त लोभ असू दे.

मिचियो

तोसा, १५ फेब्रुवारी

चि. मिचियोस आशीर्वाद.

तुझं ऐकलं. बाईंनी पेटी उघडली आणि त्यांचं हसू मावळलं. तुम्ही किती खाता, म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, गोडी उतरावी म्हणून गवताखाली मुरत घातलेल्या प्रत्येक ढिगातलं मीच चाखते, त्याशिवाय माल हलत नाही. बाईंनी कपाळाला हात लावला. पपनसामुळे हे औषध रक्तात साचतं, रक्तदाब उतरतो आणि अंधारी येते. गोळ्या देताना त्यांनी ग्रेपफ्रूट खाऊ नका म्हणून बजावलं होतं. पण ते परदेशी फळ, आमच्या घरात येतंच कुठे? त्याची सख्खी बहीण आमच्याच बागेत लटकलीय, हे कुणाच्या ध्यानात येणार!

आता पपनस बंद, गोळ्या चालू. अंधारी नाही, कळही नाही. चाखायचं काम ह्यांच्याकडे गेलंय आणि ह्यांना सगळीच गोड लागतात. गिऱ्हाइकांचं देव जाणे.

काल बागेच्या वरच्या टप्प्यापर्यंत न थांबता चढले. हे धापा टाकत मागून आले आणि हळूच विचारलं, दुखत नाही ना. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं गं. मी नाही म्हटलं आणि तिथेच बसून पोटभर रडले. ह्यांना वाटलं कळ आली. घाबरून मला पाठुंगळी घेतलं आणि घरापर्यंत आणलं. कळ नव्हतीच, पण मीही खुशाल गळ्यात हात टाकून बसले.

ताईवरची माया अशीच राहो.

सादाए