सगळ्यात खालचा आवाज

मंगळवार, ७ जानेवारी

ठरलं एकदाचं! आवाजाची परीक्षा बंद. ज्याला यायचं त्यानं यावं, आमच्या गायनवृंदात उभं राहावं, गावं. समितीत दीड तास खडाजंगी झाली. सभागृहवाल्यांचीच अट होती म्हणा — वर्षभर जागा फुकट हवी तर तुमचं ते जुनं संगीत सगळ्यांसाठी खुलं करा. सचिव मी, त्यामुळे पत्रक माझ्याच गळ्यात पडलं. लिहिलं — 'युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं हे बरोक संगीत कुणा एकाच्या मालकीचं नाही. नोटेशन येत नसलं तरी या. कपडे कसलेही चालतील. टाळ्या केव्हाही वाजवा.'

ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "आमंत्रण छान आहे. आता माणसं खरंच आली तर काय करणार?"

बोलू देत. त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

सातजण आले. त्यातले निम्मे पळणार, चेहऱ्यावरच दिसतंय. एक मात्र टिकेल — बसचा ड्रायव्हर आहे. पन्नाशी उलटलेली, ड्यूटी संपवून थेट गणवेशातच आला. दाराशी चपला काढू का म्हणून विचारत होता! गायला तोंड उघडलं आणि — अगं बाई! जमिनीखालून यावा तसा आवाज. वृंद शिकवणारे सर पियानोवर त्याला खाली, अजून खाली नेत गेले. पट्ट्या संपत आल्या, हा आपला चालूच. सर हसले. आमचे सर वर्षातून दोनदा हसतात.

"कुठे शिकलात?"

"बसमध्ये, सर. इंजिनाच्या सुरात सूर मिळवतो."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चौघं पळाले. ड्रायव्हर आहे. आल्टोच्या, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजांच्या, रांगेत शेवटची मी, माझ्या पलीकडे बास, पुरुषांचे सगळ्यात खालचे आवाज, सुरू होतात, म्हणजे तो माझा शेजारी. नोटेशन वाचता येत नाही. सगळं ऐकून पाठ! फोनवर तालीम भरून घेतो आणि डेपोत डबा खाताना ऐकतो. आज त्याचा कागद बघितला. परक्या भाषेतले ते शब्द आपल्या लिपीत, आणि खाली त्याच्याच खुणा — चढ, उतार, वळण, थांबा.

"हे काय, दादा?"

"रस्ता, ताई. एकदा रस्ता पाठ झाला की पाट्या वाचाव्या लागत नाहीत."

पोस्टरसाठी फोटो काढायचे होते. समितीनं त्यालाच पुढे उभं केलं, गणवेशात. मीच सुचवलं होतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

नोकरीवर, दातांच्या दवाखान्यात, दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. मला वाटलं एक्स-रेचं काहीतरी. तर — "तुमचा तो ड्रायव्हर!" माझा! म्हणे, त्या स्टेजवर एकट्या गातात त्या तुकड्यानंतर बास यायचे, तर हा त्यांच्या शेवटच्या सुरावर येऊन बसतो. "सगळ्यांसाठी खुलं म्हणजे धर्मशाळा नव्हे."

अर्धी मात्रा लवकर येतो, खरं आहे. शिकवलं तर सुधारेल. पण मी काय बोलणार? नऊ ते सहा ह्या बाईंच्या पेशंटच्या फायली मी लावते. आणि मंगळवारी गायनवृंदाच्या समितीच्या अध्यक्षही त्याच. "बघते," म्हटलं.

मंगळवार, ११ मार्च

ड्रायव्हर तालमीनंतर घुटमळत होता. "ताई, सभागृहाला पायऱ्या किती?"

तीन. का?

बायकोला आणायचंय. चाकाच्या खुर्चीवर असते, फुफ्फुसं गेलीत, सोबत ऑक्सिजनची नळकांडी. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ह्याचं गाणं तिनं भांडी घासतानाच ऐकलंय — घासायची ती, विसळायचा हा. "स्टेजवर एकदा बघू दे, म्हणते. डॉक्टर म्हणाले, हा उन्हाळा निघेल. पुढचं सांगता येत नाही." हे सगळं त्यानं बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

त्या तीन पायऱ्यांवरून मी पंधरा वर्षं जातेय. कधी मोजल्या नव्हत्या.

गुरुवार, २७ मार्च

पायऱ्यांवर उतार झाला! सभागृहवाल्यांच्या इतक्या वेळा पाया पडले की शेवटी त्यांनाच लाज वाटली. सुतारानं फळ्या ठोकल्या, वर जाड चटई. मी वर उभी राहून उड्या मारून बघितल्या. सुतार म्हणाला, "बाई, खुर्ची जायचीय ना? हत्ती नाही ना?"

ड्रायव्हरला सांगितलं तर म्हणाला, "नळकांडीचा आवाज येतो हो बारीक. लोकांना त्रास—"

"खुशाल आणा," म्हटलं. केवढी ऐट माझी!

मंगळवार, १ एप्रिल

तालीम संपता संपता सरांनी मला थांबवलं. "खालून एक आवाज फार पुढे येतोय. जरा बघा." तेवढं बोलून हार्पसिकॉर्ड — पियानोचा तो जुना अवतार — लावणाऱ्याकडे गेले, वाद्याची तार तुटली होती. डॉक्टरीणबाई शेजारीच पर्स आवरत होत्या.

"ऐकलंत ना? आता तरी बघा."

गुरुवार, ३ एप्रिल

सांगून टाकलं.

दवाखान्यातून अर्धा तास मागून घेतला आणि डेपोवर गेले. तो बसच्या पायरीवर बसून डबा खात होता, कानात तालीम. मला बघून उठला, हात पुसले, बसायला स्वतःचा रुमाल अंथरला. मी उभीच राहिले. बसले असते तर बोलता आलं नसतं.

"दादा, मैफलीत तुम्ही उभे राहा. आपल्या जागेवरच. फक्त — ओठ हलवा. आवाज नको."

त्यानं कानातलं काढलं. ऐकू आलं नाही असं वाटलं असेल. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त वाईट वाटलं.

"सर म्हणाले?"

"हो."

"फोटो लागलाय माझा. सगळ्या बसथांब्यांवर."

"तो राहील ना," मी म्हटलं. असं म्हटलं मी! वर, पुढच्या खेपेला गालच की.

बराच वेळ डब्याचं झाकण लावत होता. बसतच नव्हतं.

"बरं, ताई. फक्त घरी कळू देऊ नका. ती दिवस मोजतेय."

शुक्रवार, ४ एप्रिल

सरांचाच निरोप होता. मी फक्त पोचवला.

रविवार, १३ एप्रिल

काल मैफल झाली. खुर्च्या कमी पडल्या! चप्पल घातलेले, पोरं कडेवर घेतलेले, आयुष्यात कधी असल्या ठिकाणी न आलेले लोक. उताराचे फोटो किती जणांनी काढले. ड्रायव्हरची बायको तिसऱ्या रांगेत, कडेला. किती लहानशी आहे! निळी शाल, केस नीट विंचरलेले, नळकांडी पायाशी.

पहिला भाग संपला — असल्या मैफलीत टाळ्या एकदम शेवटी वाजवायची रीत — आणि तिनं टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी स्टेजवरच डोळे मिटून घेतले. तिनं हात मांडीवर ठेवून दिले, पुन्हा शेवटपर्यंत उचलले नाहीत. टाळ्या केव्हाही वाजवा, असं मीच लिहिलं होतं. मी का नाही वाजवल्या? हात तर रिकामे होते.

आणि तो. माझ्यापासून हातभर अंतरावर. प्रत्येक जागेवर बरोब्बर तोंड उघडत होता. श्वास घेत होता, मानेच्या शिरा फुगत होत्या, सगळं होत होतं आणि आवाज नव्हता. अर्धी मात्रा लवकरसुद्धा आला नाही कुठे. माझीच ओळ दोनदा चुकली.

नंतर हारतुरे, कौतुक, सभागृहवाल्यांचं भाषण. मी कोपऱ्यातून निघायच्या बेतात, तर बायकोनं खुर्चीवरून माझा हात धरला. "छान झालं, ताई. खूप छान झालं." तो मागे उभा, खुर्चीचे दांडे धरून, जमिनीकडे बघत.

तिला काही कळलं नाही. सुटले बाई! साठ जण एकदम गाताना एक आवाज कोण वेगळा काढतंय?

मंगळवार, २२ एप्रिल

ड्रायव्हर आला नाही. पेपरात आमच्यावर अर्धं पान — 'दारं उघडणारा गायनवृंद'. फोटो त्याचाच. डॉक्टरीणबाईंनी पान दवाखान्यात फ्रेम करून लावलंय. माझ्या खुर्चीच्या समोर.

मंगळवार, २९ एप्रिल

आजही नाही. फोन केला. उचलत नाही.

शुक्रवार, ९ मे

ती गेली. आज सकाळी. डेपोतून कुणीतरी कळवलं. उन्हाळासुद्धा निघाला नाही.

मंगळवार, १३ मे

सरांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा! सगळे अजून आले नव्हते, सर खुर्च्या मांडत होते. म्हटलं, तुमच्या एका शब्दापायी त्या माणसाला बायकोसमोर मुक्यानं उभं राहावं लागलं. आता ती गेली.

सर खुर्ची हातात धरून तसेच उभे. "मी? मी कधी म्हणालो गप्प करा?"

"एक तारखेला. खालून आवाज पुढे येतोय, बघा."

"अहो, दोन पावलं मागे उभं करा त्यांना, एवढंच! रांगेच्या पुढे येऊन उभे राहायचे ते." मग खुर्ची ठेवली. "म्हणून त्या दिवशी तळ रिकामा वाटत होता. मला वाटलं, घरच्या काळजीनं आवाज बसला असेल. विचारायला हवं होतं मी."

दोन पावलं.

सरांना उलटून विचारायला मला किती वेळ लागला असता? विचारलं नाही, कारण मला उत्तर आधीच सोयीचं होतं. त्याला 'सर म्हणाले' सांगितलं. इथे, ह्या पानावरही तेच लिहून ठेवलं.

शनिवार, १७ मे

उद्या जाते. जाऊन सगळं सांगते. एवढंच म्हणेन की तिला तरी कळलं नाही, ती समाधानानं गेली. तेवढं तरी खरं आहे.

रविवार, १८ मे

गेले. सांगितलं — सर असं म्हणालेच नव्हते, ते सगळं माझं होतं. तो भांडी विसळत होता. नळ बंद केला नाही. मी तयार केलेलं पुढचं वाक्यही बोलून टाकलं, की वहिनींना तरी कळलं नाही.

"त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये म्हणाली," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "'सगळ्यात खाली तुमचाच आवाज लागला होता. स्वच्छ ऐकला मी.' चौतीस वर्षांत माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती, ताई."