लेक शेतकऱ्याला देताना

बाबा,

तुमची नात लावणीला गेली आहे. आपल्या गावाला नव्हे, आपल्या शेतात आता माणूसभर रान माजलं आहे. ती गेली आहे मालवणच्या अलीकडे, ज्याच्याशी तिला लग्न करायचं आहे त्याच्या शेतात, लोअर परळच्या ऑफिसातून आठवड्याची रजा काढून. तुमची गिरणी होती त्याच आवारात तिचं ऑफिस आहे, म्हणजे रजा मागायची जागाही तीच आणि कारणही तेच. हे ऐकून तुम्ही नक्की हसला असता. मग मुलगा काय करतो ते विचारलं असतं आणि तुमचं हसू तिथेच थांबलं असतं.

दरवर्षी लावणी उरकून तुम्ही लालबागला परत यायचात ते मला अजून दिसतं. पायांना चिखल्या पडलेल्या असतात, आई कोकमाचं तेल कोमट करून देते, आणि तुम्ही गॅलरीत पाय पसरून बसता. एरवी दहा शब्दांत दिवस काढणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताने उंची दाखवत रोपं कशी तरारली होती ते सांगत सुटतो. ऐकणारे कंटाळून उठून जातात, तरी तुमचं चालूच. माझं लग्नाचं वय झालं तेव्हा शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याचं स्थळ आलं होतं. आईला ते पसंत होतं, माणसं चांगली, घरचं भात. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "माझ्या चेडवाक मी चिखलात उभां करूचंय नाय," आणि पुढचा घास घेतलात. मला कुणी विचारलंही नाही. तो मुलगा मी पाहिलेला नव्हता, त्यामुळे दुःख वगैरे काही झालं नाही, पण रागाने माझं जेवण गेलं. ज्या चिखलाचं एवढं कौतुक, तो माझ्या वाट्याला आला तर बिघडलं कुठे?

तो राग मी बरीच वर्षं पुरवून वापरला. मंडळाच्या हळदीकुंकवात बायकांना सुनावत असे की शेतकऱ्याच्या मुलाला कुणी मुलगी देत नाही, मग उद्या तांदूळ काय मॉलमध्ये उगवणार आहे? बायका माना डोलवायच्या. मला बोलायला फार आवडायचं. आपल्याही घरात एक मुलगी मोठी होते आहे, हे त्या भाषणांत कधी आलं नाही.

मे महिन्यात तो घरी आला. शेतकीची पदवी घेतलेला, पण नोकरीच्या मागे न लागता घरची भातशेती आणि आंब्याची कलमं बघणारा. येताना उकड्या तांदळाची पिशवी घेऊन आला आणि ती सरळ स्वयंपाकघरात आणून ठेवली. पोहे मी केले, पण या वेळी प्रश्नांना उत्तरं द्यायची पाळी मुलाची होती, आणि मी काही त्याला सोडलं नाही.

"माकडां येतत काय रे अजून?"

"येतात ना, काकी. आधी गोफण दाखवली तरी पळायची, आता फटाक्यालाही हलत नाहीत. ती गेली की काळोखात डुक्कर."

"आणि पाऊस?"

"लावणीला हवा तेव्हा गायब. कापलेलं भात शेतात आडवं असलं की हजर. मोहोर बरा धरला तर ऊन असं चढतं की बारकी फळं गळून जातात. कीड मारायला फवारावं, तर तीपण औषधाला सरावलीय."

"लावणीला माणसं मिळतात?"

"नाही मिळत. यंत्र घेतलं असतं, पण आमची शेतं पायऱ्यापायऱ्यांची, एवढी एवढीशी. त्यात यंत्र वळवायचं कुठे?"

हे सगळं त्याने तक्रार न करता सांगितलं, आणि काही लपवलंही नाही. तुमच्या जावयांनी विचारलं, "यातलं सगळ्यात कठीण काय वाटतं तुला?" मला वाटलं पाऊस म्हणेल. त्याने बशी खाली ठेवली.

"संध्याकाळ," तो म्हणाला. "वाडीत माझ्या वयाचं कोणी उरलं नाही. सगळे इकडे, नाहीतर गोव्याला. नुकसान झालं तर सांगायला आई-वडील आहेत. पण आज शेत छान दिसतंय, हे सांगायला कोणी नसतं."

तुमची नात खिडकीपाशी उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

तो गेल्यावर हे म्हणाले, "मला आवडला बुवा." मलाही आवडला होता, आणि पंचाईत तीच होती. एखादी खोट सापडली असती तर मी सुटले असते. चार दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. मोकळी बाई. म्हणाल्या, "नाय म्हणूचा आसात तर आत्ताच सांगा. माका राग येवचो नाय. आता सवय झाली आसा." तो आवाज ऐकून मला माझीच लाज वाटली. तरी तोंडातून आलं ते हेच, "पत्रिका बघतो आणि कळवतो." त्या नुसतं "बघा" म्हणाल्या.

"आई, माझी पत्रिकाच केलेली नाहीये," मागून लेक म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मग तू बघणारेस काय?"

मी कुकर लावायला घेतला. ती आवाज न चढवता म्हणाली, "मी आधी लावणी करून येते. मला झेपतं का बघते. मग तू काय म्हणायचं ते म्हण."

काल संध्याकाळी तिचा फोन आला. तिची ओळ वाकडी गेली म्हणून सगळे हसले म्हणे, त्याच्या आईने मागून येऊन नीट करून दिली. "कंबर गेली गं माझी," म्हणाली आणि कितीतरी वेळ हसत राहिली. बाबा, मला आनंद झाला नाही. हा कागद कुणाला पाठवायचा नाही, म्हणून सांगते. ती कंटाळून, रडत परत यावी म्हणून मी सोमवारी प्रभादेवीला देवळात जाऊन आले. घरात सांगितलं, भाजी आणायला जाते. शेतावर तुमचा इतका जीव होता आणि तरी तुम्ही नाही म्हणालात, ते का, हे मला आत्ता या वयात कळलं. माझा राग गेला. पण तुमच्यासारखं करायचं नाही, असंही मी ठरवलं आहे.

ती रविवारी येईल. त्याच्या आईला मी आज दुपारीच फोन करून होकार देणार आहे. एकदा ती दारात आली आणि मी तिचे हात पाहिले, की मग माझ्याने हो म्हणवणार नाही.