न दिसणाऱ्या बुडबुड्यांविषयी

आदरणीय व्याही उसुईसान यांना,

तोचिगीहून कुरिहारा तोकुजीचा कंबरेत वाकून नमस्कार. (यंदा वाकणं जरा सावकाश होतं, पण पत्रात ते दिसत नाही म्हणून बरं.) आमच्या अंगणातल्या उमेच्या झाडाला चार फुलं आली आहेत आणि सकाळी नळाला बर्फही धरतं, म्हणजे ऋतूचं अजून काही ठरलेलं नाही. समुद्राच्या वाऱ्यात तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाईंनी पाठवलेली सुकी मासळी पोचली. फुसाए ती माझ्यापासून लपवते आणि मी शोधून काढतो. पन्नास वर्षांच्या संसारात नवराबायकोला एवढा उद्योग पुरतो.

पत्रास कारण असं की, कारण काहीच नाही. नाओया चार दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आला त्याला आज अकरावा दिवस, पण तो विषय नव्हे.

विषय यंत्राचा आहे. तुमचा नाओया आमच्या चिझुरूशी लग्न करून, आमचं आडनाव लावून आमच्या घरी आला. (घरजावई हा शब्द गावातले वापरतात. घरात आम्ही तो उच्चारत नाही. मी रागावलो की फक्त मनात म्हणतो.) गेल्या शरदात त्याने स्ट्रॉबेरीच्या हरितगृहात पंपाशेजारी एक पेटी बसवली. ती पाण्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडते, ते पाणी ठिबकच्या नळ्यांतून मुळाशी जातं आणि मुळं मोकळा श्वास घेतात, असं त्याचं म्हणणं. बारापैकी सहा ओळींना हे पाणी, सहांना साधं. मी म्हटलं, पन्नास वर्षांत एका मुळाने माझ्याकडे श्वास कोंडल्याची तक्रार केलेली नाही. तर म्हणतो, "बाबा, जो गप्प असतो त्याला विचारावं लागतं." (हे बोलताना त्याने चिझुरूच्या आईकडे का बघितलं, ते मला अजून कळलेलं नाही.)

बरं, ते पाणी मी ग्लासात घेऊन उन्हात धरलं. एक बुडबुडा दिसेल तर शपथ. "दिसतात ते मोठे, बाबा. हे इतके बारीक की दिसतच नाहीत." उसुईसान, तुम्ही जन्मभर बोट चालवलीत. कोणी न दिसणारे मासे विकायला आणले असते तर तुम्ही त्याला चहा पाजला असता का? आमच्या शेजारच्या ओनुकीने मात्र परीक्षा म्हणून आपली कवळी दिवसभर त्या पाण्यात बुडवून ठेवली आणि स्वतः तोंड मिटून घरी बसला. संध्याकाळी येऊन सांगतो, "कवळीला बरं वाटतंय."

मग मी एक गोष्ट केली. लिहायला हात चालत नाही, पण लिहितो. जानेवारीत मी प्रतवारीच्या टेबलाखाली शिरलो आणि यंत्राची पिन उपटली. कोणाला सांगितलं नाही. नाओया दर दोन दिवसांनी एक रोप काढून पांढरीशुभ्र मुळं माझ्यापुढे धरायचा, "बघा बाबा, कशी खुशीत आहेत." मी मान डोलवायचो आणि आतून मला इतकी मजा वाटायची की जेवण दोन घास जास्त जायचं. (त्याच दिवसांत टेबलाखालची माझी पाय शेकायची शेगडीही बिघडली. मी त्याचाही ठपका यंत्रावर ठेवला, सगळी वीज हेच खातं म्हणून. नाओयाने वाद घातला नाही. गावात जाऊन माझ्यासाठी लोकरीचे मोजे घेऊन आला.)

पुढे स्ट्रॉबेरीवाल्यांच्या मंडळाची सभा झाली. नाओया उभा राहिला आणि दोन रोपं शेजारी शेजारी धरून दाखवली. यंत्राच्या ओळीतल्याची मुळं पांढरी, दुसऱ्याची तपकिरी. लोक माना पुढे काढून बघत होते. तेव्हा मी बसल्या जागेवरून म्हणालो, "यंत्र वीस दिवस बंद आहे. पिन मीच काढलीय." (मग मुळांत फरक कसा, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं: त्या ओळी मी लावल्या आहेत. कोणी विचारलंच नाही.) सभा हसली. ओनुकीला तर कवळी हाताने धरावी लागली. नाओयाने मला वाकून नमस्कार केला, रोपं ओल्या कागदात गुंडाळली आणि म्हणाला, "माझं चुकलं. सगळ्यांचा वेळ घेतला." दुसऱ्या दिवशी तो तुमच्याकडे निघाला. तेव्हापासून चिझुरू माझ्याशी "जेवण वाढलंय" एवढंच बोलते.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी फुसाए टेबलाखाली झाडत होती. "अहो," ती म्हणाली, "तुमच्या शेगडीची पिन कोणी काढून ठेवलीय?" तिने ती लावली. माझे पाय गरम झाले आणि डोकं गार पडलं. तसाच उठलो, यंत्राचं झाकण उघडलं. आत हिरवा दिवा. ते एक दिवससुद्धा बंद नव्हतं.

उसुईसान, मला बोचतं ते वेगळंच. नाओयाने झाकण उघडून बघितलंसुद्धा नाही. मी म्हणालो बंद आहे, म्हणजे बंद. मी त्याच्या यंत्रावर एक दिवस विश्वास ठेवला नाही, आणि तो माझ्या एका शब्दावर विसंबून भर सभेत तोंडघशी पडला. असा मुलगा तुम्ही वाढवलात आणि आम्हाला देऊन टाकलात. ह्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नव्हते.

विहीणबाईंना नमस्कार. थंडीत गुडघ्याला जपा.

आपला,
कुरिहारा तोकुजी

ता. क. नाओयाला घाई करू नका. मुलाने आईबापांकडे चार दिवस राहावं. फक्त सातव्या ओळीची झडप कुठल्या बाजूला फिरवायची, तेवढं त्याला विचारून कळवा.

ता. क. २. खरं तर सगळ्याच ओळींच्या झडपांचं विचारा. उरलेल्या सहा ओळींनाही तेच पाणी द्यायचं मी ठरवलं आहे. नळ्या जोडणं मला येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. पिनचं मात्र त्याला सांगू नका. ते मीच सांगेन, सवडीने.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना फुसाए सांगते की तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्टी आहे आणि आलेली पत्रं नाओयाच मोठ्याने वाचून दाखवतो. हे तिने एवढी पानं लिहून झाल्यावर सांगावं. पुन्हा लिहायला बसलो तर निम्मं गाळीन, म्हणून आहे तसंच पाठवतो.

नाओया, एवढं वाचून घसा सुकला असेल तर थांब. वडिलांना पाणी दे, तूही पी. मंडळाची सभा पुढच्या गुरुवारी परत आहे. ह्या वेळी मी उभा राहून सांगणार आहे, पिन कुठली होती ते. हसायला तीस माणसं असतील, पण मला ते तुझ्यासमोर सांगायचं आहे. बुधवारच्या गाडीने ये. स्टेशनावर मी येतो.