मानवजातीस इशारा

मी, बद्रीनाथ पुंजाराम तौर, बी.कॉम., जिनिंग फॅक्टरीत हेड क्लार्क, राहणार जुना जालना, ही रोजनिशी केवळ स्वतःसाठी लिहीत आहे. हेतू एवढाच, की चित्रपटसृष्टीतील माझ्या प्रवेशाची अचूक नोंद राहावी.

१० ऑक्टोबर १९७४
नवीन जालन्यातील फोटो स्टुडिओवाले काकासाहेब घरी आले. ते भयपट काढत आहेत. एक वेडा शास्त्रज्ञ मेलेल्या माणसात वीज सोडून त्याला उठवतो. शास्त्रज्ञासाठी त्यांना माझाच चेहरा हवा. मी दोन अटी घातल्या. 'वेडा' हा शब्द वगळावा, आणि अखेरीस शास्त्रज्ञाने जगाला उद्देशून भाषण करावे. ते मी लिहीन. त्यांनी दोन्ही मान्य केल्या. सज्जन गृहस्थ.

१४ ऑक्टोबर
भाषण तयार. शीर्षक : 'मानवजातीस इशारा'. पत्नी द्वारकाबाई यांना वाचून दाखवले. दुसऱ्या परिच्छेदाला त्या डाळ निवडायला उठल्या. विषय जड आहे.

१९ ऑक्टोबर
शूटिंग सुरू. प्रयोगशाळा आमच्याच फॅक्टरीच्या रिकाम्या शेडमध्ये. कॅमेरामन कचरूने माझे केस विस्कटले. मी विंचरले. त्याने पुन्हा विस्कटले. रंगीत पाण्याच्या बाटल्यांना लेबले नव्हती. शास्त्रज्ञ लेबलाशिवाय काम करील काय? सर्वांना लावली. तोवर उजेड गेला. विलंबास मी जबाबदार नाही.

२१ ऑक्टोबर
यंत्राचा स्फोट होऊन मी कोसळतो, असे दृश्य घेतले. मी हरकत घेतली. काकासाहेब म्हणाले, हे शास्त्रज्ञाचे स्वप्न आहे. मग हरकत नाही. राक्षसाचे काम हमाल भिवा करतो. बिचाऱ्याला एकही वाक्य नाही.

२३ ऑक्टोबर
भाषण अद्याप बाकी. रीळ महाग आहे म्हणतात. उद्या मला सुटी आहे, उद्या झालेच पाहिजे, असे निक्षून सांगितले. कचरू उद्याच्या सणाबद्दल कुरकुरला. कामचुकारपणा.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी
भाषण झाले! कॅमेऱ्याला झेंडूचा हार, वर कुंकवाची बोटे. भाषणाचे महत्त्व ओळखून केलेला हा मान पाहून गहिवरलो. कचरू हाताची घडी घालून कॅमेऱ्यापासून दूर उभा होता. आपोआप चालणारी व्यवस्था असावी. 'विनाश' या शब्दावर जोर कमी पडला, म्हणून पुन्हा केले. नंतर आणखी दोनदा. कोणीही अडवले नाही. घरी सर्व वर्णन सांगितले. द्वारकाबाई 'बरं' म्हणाल्या.

१२ मार्च १९७५
उद्या कुंभार पिंपळगावला बाजाराच्या दिवशी तंबूत पहिला खेळ. कचेरीतील सर्वांना निमंत्रण दिले. मॅनेजरसाहेबांना सांगून ठेवले, की शेवटच्या दहा मिनिटांत खोकू नये.

१३ मार्च
मी पडद्यावर आलो, खटका ओढला, धूर झाला, मेलो. स्वप्न नव्हतेच. मागून कोणी म्हणाले, "म्हातारं गेलं. आता पिक्चर सुरू झालं." पुढे अखेरपर्यंत भिवाच हिंडत राहिला. भाषण आले नाही. मॅनेजरसाहेब शेवटपर्यंत खोकला दाबून बसले होते.

काकासाहेबांना जाब विचारला. ते खाली पाहत म्हणाले, "भाऊ, खंडेनवमीला पुजलेल्या कॅमेऱ्याला हात कोण लावंल? आत रीळच नव्हतं. तुमचं मन मोडवंना, म्हणून बोलू दिलं."

म्हणजे साऱ्या शेडला ठाऊक होते. परतताना एस.टी.त द्वारकाबाईंना हा विश्वासघात सविस्तर कथन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "कॅमेऱ्याचा हार मीच करून दिल्ता की. मला वाटलं, तुम्ही तालीम करून राह्यलात."

१४ मार्च
निश्चय. काकासाहेबांशी संबंध कायमचे तोडले. द्वारकाबाईंशीही काल रात्रीपासून कडक अबोला धरला आहे.

अद्याप त्यांच्या लक्षात आलेले नाही.

बद्रीनाथ पुंजाराम तौर
जुना जालना
१४ मार्च १९७५