डोळे आखायचा महिना

मृणाली गो,

प्रागला मे महिन्यात ये, तेव्हा थंडी सरते, झाडं फुलतात, असं तू दरवर्षी म्हणतेस. मी दरवर्षी सांगते, मेमध्ये पेण सोडता येत नाय, कारखान्यात गणपतींचे डोळे मीच आखते.

पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगेतून चालताना मला तुझ्या फोटोतला बर्फाने झाकलेला पूल दिसतो. समोरून तू येतेस. मी हळूहळू चालते, म्हणजे पूल लवकर संपत नाय.

यंदा माझा हात थरथरायला लागला, म्हणून मालकांनी डोळे दुसरीला दिले. मी मूर्तींवरची धूळ पुसते. आता बाराही महिने मोकळे हायत.

काल फोनवर तू परत विचारलंस, तेव्हा म्हटलं, मेमध्ये नाय जमायचं गो, डोळे आखायचे राहिलेत. हे पत्र काय मी टपालात टाकणार नाय.

तुझी, कामातून सवड नसलेली,
आई