राक्षस खुर्ची सोडतो का?

सातारा, मंगळवार संध्याकाळ

मामांना माझी नवी चित्रकथा पाठवायला नको होती. तिच्यातला राक्षस नदी अडवतो, विरोधातल्या आळीला पाणी देत नाही आणि लोक खवळल्यावर खुर्ची सोडतो. उंब्रजकडचे आमचे मामा गावचे सरपंच. राक्षसाच्या मिशा त्यांच्यासारख्या झाल्यात, हे मला छापून आल्यावर कळलं. असं मी सांगते तरी!

आज त्यांचा फोन. आजोळ तुटलंच, असं वाटलं.

"मिशा झ्याक हायत," मामा म्हणाले. "पण राक्षस खुर्ची सोडतोय व्हय? लय खोटं वाटतंय, पोरी. त्यो बायकूला बसवंल आन् कारभार सोताच बघंल."

मिशांचा राग नाही, शेवटाचा आहे! हसू आवरेना. मग आठवलं, यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव आहे आणि मामींनी कालच अर्ज भरलाय. मामींना कसं वाटलं असेल हे ऐकून?

तेवढ्यात मामींनीच फोन घेतला. "बसीव राक्षशिणीला खुर्चीत. पन पयल्याच दिवशी तिला त्या आळीचं पाणी सोडू दे."

मागून मामा ओरडले, "आगं, आधी निवडून तर ये!"